दादाचा सत्कार

संस्थेच्या हॉलमध्ये दादा कधी बसायचा नाही. त्याला कुणी बसू नको म्हटलं होतं असं नाही. उलट दर मीटिंगला आबा म्हणायचे, "डॉक्टर, टेका की जरा." दादा हसून म्हणायचा, "बरं हाय आबा, हितनं समदं दिसतं." मग तो भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभा राहायचा. आबाही पुन्हा आग्रह करायचे नाहीत. त्यांनी एकदा म्हणायचं आणि ह्यानं एकदा नाकारायचं, एवढ्यात दोघांचाही मान राहायचा.

दादा माझा थोरला भाऊ. बारामती-इंदापूर रस्त्यावर, सणसरच्या पुढं, द्राक्ष बागायतदारांची एक संस्था होती. तिचा तो तांत्रिक अधिकारी. आबा तिचे चेअरमन, संस्था निघाली तेव्हापासूनचे. दादा शेतकीचा पदवीधर. डॉक्टर ही लोकांनी प्रेमानं दिलेली पदवी. बागेत रोग दिसला की माणसं मोटारसायकलवरून पान घेऊन यायची आणि दादा ते उन्हाला धरून पाहायचा.

आमचं घर कळसचं. आजोबा छप्पन सालच्या लाटेत धम्मात आले, वडील शाळामास्तर झाले, दादा शेतकी कॉलेजात गेला, मी एम.ए. करून इंदापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. लिहायला हे एक वाक्य पुरतं. दादाला संस्थेत घ्यायचं ठरलं तेव्हा दोघा संचालकांनी कुरकुर केली होती की हा आमच्या बागांतून फिरणार का. आबा म्हणाले होते, "वेलीला इचारा, औषध कुणाच्या हातनं पडलं त्ये तिला कळतं का." विषय संपला. आबांनी विषय संपवला की तो संपायचा, आणि त्या वेळी तो आमच्या बाजूनं संपला होता. हे मी विसरत नाही. दादा तर कधीच विसरला नाही.

दादाला एकच गोष्ट हवी होती. आपल्या भागातली द्राक्षं आपल्याच शेडमधून थेट परदेशी जावीत, आणि कुठली पेटी जायची नि कुठली नाही हे फळ पाहून ठरावं, माणूस पाहून नाही. तोवर ते माणूस पाहूनच ठरत होतं. मुंबईचा ट्रक भरताना आधी आबांचा माल चढायचा, मग संचालकांचा, मग उरल्या जागेत इतरांचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जेवणाच्या पंगतीत आधी कुणाला वाढायचं हे जसं कुणी ठरवत नाही, तसंच ते होतं.

दादानं आबांच्या मागं लागून लागून शीतगृह बांधून घेतलं. पुण्याहून यंत्रं आणली, बसवली, रिकामीच चालवून पाहिली. दार उघडलं की गार वाफ पायांवर यायची. द्राक्षाचा एक घडही त्यात ठेवला गेला नव्हता, कारण परदेशी गिऱ्हाईक मिळत नव्हतं. नव्वदीच्या दशकातली ती मधली वर्षं. जो तो निर्यातीची गोष्ट करत होता. निर्यात केलेला माणूस मात्र आमच्या बाजूला क्वचितच भेटायचा.

मग हॉलंडची एक कंपनी आली. एक उंच बाई, पस्तिशीची, आणि तिच्याबरोबर यंत्रं तपासणारा एक वयस्कर गृहस्थ. दुभाषी म्हणून आबांनी आमच्या प्राचार्यांना फोन करून मला मागून घेतलं. आबांचा फोन आला की विचारायचं काही उरत नसे. प्राचार्यांनी माझे तास दुसऱ्याला देऊन टाकले होते.

आदल्या संध्याकाळी आबांच्या मळ्यात सगळे संचालक बसले होते. उत्तर तिथंच ठरलं. बाई जे मागेल त्याला होय म्हणायचं. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणू नये, आणि ज्या चेअरमनला 'जमणार नाही' म्हणावं लागतं तो चेअरमन कसला? बैठकीत काही ठरवायचं असतं ही कल्पनाच आमच्याकडं नव्हती. ठरलेलं तिथं फक्त सांगायचं. हॉलंडच्या बाई मात्र बैठकीत ठरवायला म्हणून इतक्या लांबून आल्या होत्या.

त्या दिवशी हॉलमध्ये डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. बाईंनी पाणी घेतलं आणि लगेच मुद्द्यावर आल्या. आमच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत उतरेल असा माल या हंगामात देता येईल का?

मी मराठीत सांगितलं. आबा मागं रेलले. "सांग तिला, तुला पायजे त्याच्या दुप्पट दिऊ."

मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान हलवली, पण वहीत काही लिहिलं नाही. आबांच्या डावीकडच्या संचालकांकडं वळून तोच प्रश्न विचारला.

"आबा म्हणत्यात म्हंजी हाईच की," ते म्हणाले.

मग उजवीकडच्यांना विचारला. ते गोरेमोरे झाले. आबांनी उत्तर दिल्यावर पुन्हा त्यांना विचारणं म्हणजे आबांवर अविश्वास. ते माझ्याकडं झुकून म्हणाले, "बाई बहिरी हाय का गं? घडीघडी त्येच इचारती."

"ऐकू येतं त्यांना, काका."

"मग आमी बहिरं हाय आसं वाटलं आसंल तिला."

सगळे हसले. बाईही हसल्या आणि काय झालं म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, चहाचं विचारताहेत. नको, आभारी आहे, त्या म्हणाल्या. चहा आलाच.

कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बागांची देखभाल रोज कोण बघतं?"

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. दादा उभा होता. बाई उठल्या, रिकामी खुर्ची उचलून टेबलापाशी आणून ठेवली आणि बसा म्हणाल्या. दादा जागचा हलला नाही. बाईही बसल्या नाहीत. दोघं उभे, मध्ये खुर्ची. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. पाहुणी उभी आणि घरची माणसं बसलेली, हे काही बरं दिसत नव्हतं.

"बस बाबा," आबा म्हणाले. "न्हायतर ती दिवस मावळंस्तवर हुबी ऱ्हाईल."

दादा खुर्चीच्या कडेला टेकला. बाईंनी तोच प्रश्न त्याला विचारला. दादानं आबांकडं पाहिलं.

"सांग की," आबा हात पसरून म्हणाले. "खरं काय त्ये सांग. आपल्यात काय चोरी हाय?"

दादानं सांगितलं, आणि सरळ इंग्रजीत सांगितलं. पुस्तकातून शिकलेलं, एकेक शब्द पाहून ठेवलेलं इंग्रजी. या हंगामात जमणार नाही. अर्ध्या बागांवर असं औषध पडून गेलंय की त्याचा अंश तुमच्या तपासणीत दिसेल. पण एप्रिलच्या छाटणीपासून सगळ्या बागा एका शिस्तीत धरल्या तर पुढच्या वर्षी तुम्हाला हवा तसा माल देऊ. ते मी करू शकतो.

तो थांबला. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नव्हतं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या भावाचं बोलणं मी आबांना मराठीत सांगितलं.

बाईंनी तोवर वही उघडून लिहायला सुरुवात केली होती. लिहून झाल्यावर म्हणाल्या, परत घेऊन जाता येईल असं हे पहिलं उत्तर मिळालं. त्यांचा चेहरा खुलला होता. आबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. "बगा, आमचा डॉक्टर! विंग्रजी बी येतंय त्याला. आमाला कवा कळू दिलं न्हाय लेकानं."

दुपारी सगळे भिगवणला जेवायला गेलो. धरणाच्या पाण्यातला ताजा मासा, रस्त्याकडेचं हॉटेल. तिथं मात्र आबांनी दादाला पाहुण्यांच्या ओळीत बसवलं आणि स्वतः वाढायला उठले. बाईंच्या ताटात एक तुकडा, त्या गृहस्थांच्या ताटात एक. दादाच्या ताटात दोन. "खा, डॉक्टर. लई बोललास आज. दमला आसशील."

बाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, जास्त खा म्हणताहेत. त्या म्हणाल्या, किती प्रेमळ साहेब आहेत तुमचे.

दादानं ताटातलं सगळं संपवलं. परतताना स्कूटरवर मी मागं बसले होते. रस्त्याकडेच्या उसाला तुरे आले होते. तो मला वाऱ्यात ओरडून पुढच्या वर्षाचं सांगत होता, छाटणी कधी, विरळणी कधी, बायकांना घड कापायला कसं शिकवायचं, पेटीत कागद कसा घालायचा. त्याचे अर्धे शब्द मला ऐकू आले नाहीत. तेवढा वेळ तो सुखात होता, आणि मला तो असाच आठवावा म्हणून मी प्रयत्न करते. जमत नाही.

जानेवारीत कराराचा मसुदा फॅक्सनं आला. अटी बऱ्या होत्या. एक कलम मात्र असं होतं की एकही पेटी दादाच्या सहीशिवाय शेडबाहेर जाणार नाही. त्यानं नाकारलेली पेटी संस्थेतला दुसरा कुणीही पाठवू शकणार नाही. पदाबरोबर दादाचं नावही लिहिलं होतं. त्यांच्या देशात हे साधं असावं. ज्याला माल कळतो त्यानं मालाचं ठरवायचं. आपण या माणसाला केवढ्या उंचावर नेऊन ठेवतोय आणि तिथून खाली यायला वाट नाही, हे त्या बाईंना कसं कळावं?

मी तो मसुदा संचालकांना मराठीत वाचून दाखवला. ते कलम वाचताना आवाज सपाट ठेवला.

"म्हंजी," एक संचालक म्हणाले, "आबांच्या बागंतला माल ह्यानं न्हाय म्हटला तर न्हाय?"

दादा भिंतीपाशीच होता. "माल चांगला असला तर मी कशाला न्हाय म्हणू, काका?"

"आन् नसला तर?"

दादानं आबांकडं पाहिलं.

"अरं, कायदा हाय त्यांचा," आबा म्हणाले. "चांगलंच हाय की. शिस्त लागंल आपल्याला." त्यांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. मीटिंग संपली.

त्यानंतर सही होईना. आधी आबांच्या नात्यात लग्न निघालं. मग कारखान्याची निवडणूक. मग वकील बघून घेतो म्हणाले. बाईंचे फॅक्स यायचे, मी कॉलेज सुटल्यावर संस्थेत जाऊन वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी स्पष्ट लिहिलं, एखाद्या कलमावर तुमचा आक्षेप असेल तर सांगा, आम्ही बदलू.

"न्हाय न्हाय," आबा म्हणाले, "आक्षेप काय बी न्हाय. कळीव तसं."

मी तसं कळवलं. आज वाटतं, सगळं तिथंच संपलं होतं. आबांनी म्हटलं असतं की हे कलम आम्हाला मानवत नाही, तर बाईंनी ते बदललं असतं, दोन माणसांच्या सह्या ठेवल्या असत्या, काहीतरी केलं असतं. त्यांना आक्षेपाचं वावडं नव्हतं. त्या आक्षेपाचीच वाट पाहत होत्या. पण आक्षेप घ्यायचा म्हणजे भर सभेत कबूल करायचं की आपण आपल्याच नोकराच्या सहीला भितो. आबांसारखा माणूस ते कसं करणार? ज्याच्याकडं सत्ता असते त्यानं घासाघीस करायची नसते. त्यानं होय म्हणायचं, आणि पुढं काय होतं ते आपोआप व्हायचं असतं.

दादाला हे माझ्याआधी दिसलं असणार. पण तो छाटणीच्या तयारीत होता. सणसर, कळस, जिथं जिथं बागा होत्या तिथं जाऊन लोकांना सांगत होता, यंदा ते औषध आणू नका. लोक व्हय व्हय म्हणत होते. करार एप्रिलच्या आधी झाला नाही तर वर्ष हातचं जाणार होतं.

मार्चमध्ये बाई सहीसाठी पुन्हा आल्या. संस्थेच्या आवारात मांडव होता. बँड होता. बाईंना आणि त्या गृहस्थांना फेटे बांधले, औक्षण केलं, हार घातले. बाई संकोचल्या, मग खूश झाल्या. माझ्या कानात म्हणाल्या, एवढं सगळं करताहेत म्हणजे त्यांच्या मनात आहे तर.

आमच्याकडं मान किती मोठा झाला की काम होत नाही, याचं काही कोष्टक नाही. पण मांडव आणि बँड पाहून मी गर्दीत आधी दादाला शोधलं.

भाषणं झाली. शेवटी आबा उठले. संस्थेचा इतिहास सांगितला, हॉलंडच्या पाहुण्यांचं कौतुक केलं, आणि मग दादाचं नाव घेतलं. इतक्या लोकांसमोर त्यांनी त्याचं पूर्ण नाव घेतल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "आमच्या डॉक्टरांनी ह्या भागासाठी काय केलं न्हाय? ऊन बघितलं न्हाय, पाऊस बघितला न्हाय. जात न्हाय, पात न्हाय. आमच्याकडं तसलं काय न्हाय, हे पाव्हण्यांनी डोळ्यांनी बघितलं. अशा माणसाला उन्हातान्हात दारोदार पळवायचं शोभत न्हाय आमाला. म्हणून संस्थेनं ठरवलंय, डॉक्टर आजपासनं संस्थेचं मुख्य सल्लागार. आन् तांत्रिक अधिकारी म्हणून आमचा पुतण्या काम बघंल, डॉक्टरांच्या हाताखाली."

टाळ्या वाजल्या. दादाला पुढं बोलावलं. आबांनी स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि त्याला छातीशी धरलं. त्या मिठीत खोटं काही नव्हतं. आबांचे डोळे भरून आले होते. हे मला फार काळ समजलं नाही. आता समजतं, आणि समजून काही उपयोग नाही.

बायकांच्या बाजूला वहिनी बसली होती. टाळ्या चालू असतानाच ती उठली, मांडवाच्या कडेनं गेली आणि चपला शोधू लागली.

हॉलंडच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी जे झालं ते सांगितलं. त्यांना मुख्य सल्लागार केलं.

"छान!" त्या म्हणाल्या आणि हात वर करून टाळ्या वाजवू लागल्या. आमच्याकडं माणसाला शाल केव्हा मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कामावरून निवृत्त होताना, पदावरून उतरताना, आणि गेल्यावर फोटोला हार घालायच्या आधी. चालू कामाच्या माणसाला कुणी शाल देत नाही.

सहीसाठी सगळे हॉलमध्ये आले. आबांनी पेन काढलं. मग शांतपणे म्हणाले, त्या कलमात आता नाव बदलावं लागेल. तांत्रिक अधिकारी आता पुतण्या आहे. मी सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, आतून फक्त विझलं. फेटा अजून डोक्यावर होता.

"पण हे तर वरच्या पदावर गेले ना?"

"व्हय की," आबा म्हणाले. "लई वरच्या."

बाई दादाकडं वळल्या. या वेळी दादा बसलेला होता. आबांनी आपल्या शेजारची खुर्ची त्याला दिली होती. "तुम्हाला एखादी पेटी थांबवता येईल का?"

"सल्ला देता येईल," दादा इंग्रजीत म्हणाला.

त्यांनी वही मिटली. आम्हाला विचार करावा लागेल, म्हणाल्या. आबा म्हणाले, करा की, सवडीनं करा, आधी जेवून घ्या. कुणाचा आवाज चढला नाही. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही.

गाडीपाशी बाईंनी दादाला बाजूला घेतलं. मला बोलावलं नाही, पण मी जवळच उभी होते. त्या म्हणाल्या, तुम्ही आत जाऊन सांगा की हे मला मान्य नाही. तुम्ही बोललात तर आमची कंपनी तुमच्या पाठीशी उभी राहील. तुमच्याशिवाय आम्ही सही करणार नाही.

दादा म्हणाला, "मॅडम, तुम्ही उद्या विमानात बसाल."

"म्हणजे तुम्ही घाबरता?"

"नाही. मला कुणी घेत नव्हतं तेव्हा त्यांनी घेतलं."

"तुमचं काम चांगलं म्हणून घेतलं."

"हो," दादा म्हणाला. "पण चांगलं आहे हे त्यांनी ठरवलं."

बाईंना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी फेटा काढून दादाच्या हातात दिला, दादाचा हात घट्ट दाबला आणि गाडीत बसल्या. गाडी भिगवणच्या बाजूनं हायवेकडं गेली.

घरी जाताना मी त्याला विचारलं. डिसेंबरात सगळे होय म्हणत असताना तू एकटा खरं का बोललास? एवढं धाडस कुठून आलं तुझ्यात?

त्यानं स्कूटर थांबवली. जणू मी काहीतरी विचित्र विचारलं होतं. "धाडस कसलं? आबा म्हणाले ना, सांग म्हणून."

मी त्यावर फार विचार केला आहे. बाईंना वाटलं होतं की साहेबासमोर स्वतःचं मत मांडणारा एक माणूस इथं भेटला, आणि त्याच्या भरवशावर त्यांनी करार लिहिला. तो माणूस त्या क्षणी आज्ञा पाळत होता. आबांनाही वाटलं होतं की हा आपल्यासमोर ताठ झाला. दोघांनी त्याच्यात जे पाहिलं ते तिथं नव्हतं. तिथं फक्त द्राक्षं पाहून बोलणारा एक माणूस होता, आणि तसं बोलायचीही त्यानं परवानगी घेतली होती.

कंपनीचा फॅक्स आला नाही. एप्रिल आला, छाटण्या झाल्या, ज्याला जे औषध मिळालं त्यानं ते मारलं. पुढं ऐकलं की ती कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. शीतगृहात एक वर्ष कुणाचे तरी बटाटे होते, मग खताची पोती ठेवू लागले. मुंबईचा ट्रक आधीसारखाच भरायचा. दादा रोज संस्थेत जायचा. पुतण्या वाईट नव्हता, दादाला काका म्हणायचा, पण त्याला विचारायला कुणी जात नसे आणि दादाला विचारायला जाणं आता बरं दिसत नसे. सल्लागाराला पान दाखवायला मोटारसायकलवरून कोण येणार? दादा वर्तमानपत्र वाचायचा. संध्याकाळी कळसला येऊन आमच्या बांधावरच्या चार वेली बघायचा. चिडायचा नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

ते दशक संपायच्या आत तो गेला. कशानं गेला ते दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा या सगळ्याशी संबंध नाही, असं मी स्वतःला सांगते. खरंच नसेल.

जलदान विधीला आबा आले होते. मांडवात खुर्च्या होत्या, पण ते सतरंजीवर लोकांमध्ये बसले, वंदना होईपर्यंत हात जोडून बसले. माणसं पांगल्यावर घरात आले. वहिनीसमोर टेकले. मग म्हणाले, "लई मोठा माणूस व्हता. आमाला समजला न्हाय म्हणत न्हाय. समजला व्हता." आणि थांबले. मला वाटलं, आता ते पुढचं काही बोलतील.

वहिनीनं चहा आणला. आबांनी बशीत ओतून प्यायला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "पोरी, हे बोलायचं टायम न्हाय, पर पुढच्या म्हयन्यात इस्रायलची माणसं यायची हायत. ठिबकवाली. मोठं काम हाय. विंग्रजीला तुझ्याबिगर हाय कोण आपल्याकडं? तुझ्या प्रिन्सिपालला फोन करतो मी."

त्यात क्रूरपणा नव्हता. मला घरचं माणूस समजूनच ते मागत होते.

"येईन, आबा," मी म्हणाले.

ते उठले, उंबऱ्यापाशी चपलांत पाय घालताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्यांची गाडी वळणापर्यंत दिसत होती. वहिनी कपबशा गोळा करत होती.

"वन्सं, न्हाय म्हणायचं हुतं तुमी," ती म्हणाली.

"म्हणायचं होतं," मी म्हणाले.

तिनं कपबशा उचलल्या आणि विसळायला मागच्या दारी घेऊन गेली.